दाखवलं नाही ते घर

माझी बायको, माझी मुलगी आणि माझा जावई, या तिघांनी मिळून मला फसवलं. व्हिएन्ना शहरात, दिवसाढवळ्या, आठवडाभर ते मला फसवत राहिले आणि मी राजवाडे पाहत राहिलो.

परक्या कुणी फसवलं असतं तर मी ते मोंढ्यात चहाच्या वेळी स्वतःच सांगितलं असतं. लोक हसले असते, मीही हसलो असतो. ही गोष्ट तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

जिंतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझं आडतीचं दुकान आहे. सुरुवात दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलण्यापासून झाली. मग बरीच वर्षं मी बैलांच्या बाजारात दलाली केली. तिथला सौदा रुमालाखाली होतो. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या नाहीतर पोराबाळांच्या गप्पा चालू ठेवतात. भोवती उभ्या माणसाला वाटावं, दोन पाहुणे बोलत उभे आहेत. मला मात्र कळायचं. मी रुमालाकडे बघतच नसे, खांद्याकडे बघत असे. भाव मनाला लागला की माणसाचा खांदा हलतो, तोंड कितीही हसरं असलं तरी. या एका गोष्टीवर मी नाव कमावलं, दुकान टाकलं, घर बांधलं. रागीट म्हणूनही माझं नाव आहे. बाजारात मऊ बोलणाऱ्याला उभं राहायला जागा मिळत नाही, एवढंच त्यावर माझं म्हणणं.

मुलगी एकच. तिला मी इंजिनियर केलं आणि स्थळही मीच पाहिलं. गंगाखेडच्या एका शिक्षकाचा मुलगा, व्हिएन्नात नोकरीला. कळवून गेलं की घरं सजवलेली असतात, म्हणून मी न कळवता गेलो. समोरच्या टपरीवर चहा पीत बसलो, शेजाऱ्यांना विचारलं, किराणा दुकानदाराला विचारलं. मुलगा सुट्टीवर आला होता. त्याला मी त्याच्या आईचं दळण डोक्यावर घेऊन गिरणीतून येताना पाहिलं. परदेशात राहून आलेला पोरगा भर रस्त्याने पिठाचा डबा डोक्यावर घेऊन चालतोय. मी तिथेच होकार पक्का केला.

आता एक रीत सांगायला पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. आमच्यात मुलीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. माझी बहीण बोरीला दिली होती. माझे वडील तिला भेटायला जायचे तेव्हा भाकरी फडक्यात बांधून न्यायचे. तिच्या ओसरीवर बसून खुशाली विचारायचे आणि तहान लागली तर उठून गल्लीच्या टोकाच्या हापशावर जाऊन पाणी प्यायचे. बहीण दारात तांब्या घेऊन उभी राहायची. तिला मुलगा झाला तेव्हा वडील पहिल्यांदा तिच्या हातचं पाणी प्याले, आणि रिकामा तांब्या त्यांनी पुन्हा तिच्यापुढे धरला, हे मी पाहिलं आहे. लोक याला अडाणीपणा म्हणतात. म्हणोत. मला त्यात बापाची इज्जत दिसते आणि लेकीचीही.

माझ्या मुलीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण लेकरू नव्हतं. त्यामुळे व्हिएन्नाला जायचा विषय मी काढत नव्हतो. काढला तो बायकोने, आणि तोही ऐन सोयाबीनच्या हंगामात. दुकानापुढे गाड्यांची रांग लागलेली आणि ही म्हणते, मला आत्ताच जायचंय, गुडघे अजून चालतात तोवर. जिने उभ्या जन्मात पैठणला चला म्हणून हट्ट धरला नाही, ती परदेशाला चला म्हणून दोन दिवस जेवली नाही. मी म्हणालो, दिवाळीनंतर माल कमी झाला की जाऊ. तेवढ्यावर तिने मान्य केलं. मी एकच अट घातली. राहायचं लॉजवर, जेवण आपलं आपण. मुलीचं घर मी बघेन, आत जाऊन उभा राहीन, पण पाणी पिणार नाही.

बायको म्हणाली, "तुमी म्हणाल तसं." ती इतक्या लवकर कधी ऐकत नाही. मी तेव्हाच थांबायला पाहिजे होतं.

आम्ही हैदराबादहून विमानाने गेलो. उतरलो तेव्हा दुपार होती आणि दिवेलागणीसारखा उजेड होता. मुलगी आणि जावई दोघं समोर उभे. जावई पाया पडला. मुलगी वाळली होती. मी विचारलं तर म्हणाली, इथं सगळे असेच दिसतात अप्पा, थंडीचे कपडे काढले की माणूस अर्धाच उरतो. जावयाने बॅगा घेतल्या. टॅक्सीत तो पुढे बसला, आम्ही तिघं मागे. मला ते रीतीचं वाटलं.

शहर मोठं आहे, स्वच्छ आहे, आणि मला ते उदास वाटलं. दगडी इमारती, प्रत्येकीच्या खांबाला कुणीतरी दगडी माणूस पाठ लावून उभा, जणू छत त्याच्यावरच टाकलं आहे. मला त्यांच्याकडे बघून पाठ दुखल्यासारखी वाटायची. आभाळ सगळे दिवस खाली उतरलेलं. दुपार झाली म्हणेपर्यंत दुकानांत दिवे लागायचे. ट्रामा लाल, बाकी सगळं राखेच्या रंगाचं. ट्राममध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. मी एका म्हाताऱ्याला नमस्कार केला तर तो पुढच्या स्टॉपवर उतरून गेला. मुलगी म्हणाली, त्याचा स्टॉपच तो होता अप्पा. असेल.

पहिल्या दिवशी पिवळा राजवाडा दाखवला. बागेतली झाडं छाटून भिंतीसारखी सरळ केलेली, पानं गेलेली, नुसत्या काड्या. आत खोल्यांमागून खोल्या, सोन्याची नक्षी, आणि राणीच्या पलंगाला दोरी बांधलेली. मी जावयाला म्हणालो, जावईबापू, हे सगळं ठीक, आता तुमचं घर कधी दाखवता? तो मुलीकडे बघायला लागला. मुलगी म्हणाली, घरात रंगकाम चालू हाय अप्पा, सगळं सामान झाकून ठेवलंय. मी म्हणालो, मला सामान घ्यायचंय का, भिंती बघायच्यात. तेव्हा बायको मध्ये पडली.

"पाणी घ्यायचं न्हाई ना तुमाला? मग उंबरा तरी कशाला ओलांडता? लेक तांब्या घेऊन उभी राहील आन तुमी भिंती बघाल. तिला कसं वाटंल?"

मी राजवाड्याच्या दाराकडे वळलो. माझीच रीत होती. आज विचार करतो तेव्हा याच जागी रक्त तापतं. तीस वर्षं संसार केलेल्या बाईने माझा खुंटा उपटून मलाच त्याला बांधलं.

दुसऱ्या दिवशी चर्च, मग एक तळघर. तिथे राजघराण्याच्या शवपेट्या ठेवल्या आहेत, ओळीने, काळ्या धातूच्या, कोपऱ्यांवर कवट्या. थंडी पायातून वर येत होती. मुलगी सांगत होती की इथे नुसती शरीरं आहेत. काळजं काढून दुसऱ्या चर्चमध्ये चांदीच्या भांड्यांत ठेवली आहेत. बायको म्हणाली, असं कसं गं करायलेत हे लोक, माणूस एकीकडं आन काळीज एकीकडं. जावई तिथून बाहेर निघून गेला. आम्ही वर आलो तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, मामा, आत श्वास कोंडतो.

एका संध्याकाळी मोठ्या पाळण्यात बसवलं. आपल्या जत्रेतला पाळणा नव्हे. प्रत्येक पेटी रेल्वेच्या डब्याएवढी, आणि हळूहळू वर जाते. वरून शहर दिसायला लागलं, दिवे, धुकं, पलीकडे नदी. मी विचारलं, तुमचं घर कोणत्या बाजूला? दोघांनी एकदम हात केला. मुलीचा हात नदीच्या पलीकडे आणि जावयाचा अलीकडे. क्षणभर दोघांचे हात तसेच राहिले. मग जावई हसला, म्हणाला, धुक्यात मला दिशाच कळत नाही मामा. त्याचं तोंड हसत होतं आणि खांदा हलला होता.

मला दिसलं. तो हललेला खांदा मला दिसला, हे मी शपथेवर सांगतो. पण बाजारात समोर परका असतो. घरच्या माणसांच्या खांद्याकडे बघायची मला सवय नव्हती आणि ती कुणाला असूही नये.

तिथे एक लांबलचक बाजार आहे, भाज्या, चीज, ऑलिव्ह, मसाले, कपडे. तिथे मला जरा बरं वाटलं. एक अफगाणी माणूस लोकरीच्या शाली विकत होता आणि त्याला हिंदी येत होतं. मुलीसाठी एक जाड शाल बघितली. त्याने भाव सांगितला, मी पाठ फिरवली. त्याने हाक मारली, मी शालीचा काठ उलटा करून दाखवला, एक टाका सुटला होता. तो म्हणाला, चचा, टाका तुम्हारी नजर से छूटा है. मी म्हणालो, मग नजरेची किंमत कमी कर. आजूबाजूचे गोरे लोक बघायला लागले. तो हसत होता, मी हसत होतो. सौदा पटला. शाल मुलीच्या खांद्यावर टाकताना त्याने तिच्याकडे आणि जरा दूर उभ्या जावयाकडे बघितलं आणि सहज विचारलं,

"दोनों भाई-बहन हैं?"

माझा पारा चढला. मी त्याला म्हणालो, मियां-बीवी आहेत, डोळे फुटले का तुझे? तो हात जोडायला लागला. जावई मला बाजूला घेऊन गेला, म्हणाला, जाऊ द्या मामा, इथं सगळेच विचारतात. सगळेच का विचारतात, हे मी विचारलं नाही.

मधल्या एका दिवशी मायलेकी खरेदीला म्हणून गेल्या. जावयाने मला एका कॉफीच्या दुकानात बसवलं. छत उंच, लाकडी खुर्च्या, वर्तमानपत्रं काठीला बांधून खुंटीवर टांगलेली. माणसं एक कप घेऊन दुपार काढतात आणि उठ म्हणणारा कुणी नाही. जावयाच्या पैशाचं काही घ्यायचं नाही म्हणून प्रत्येक ठिकाणी मी आधी पैसे देत होतो. तिथे तो म्हणाला, मामा, एवढं तरी मला देऊ द्या. त्याचा आवाज असा होता की मी हात मागे घेतला. मग बराच वेळ तो कपातला चमचा फिरवत राहिला. खिडकीबाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं.

"मामा, तुमी माझ्यावर कधी रागवू नका," तो म्हणाला.

"का? काय केलंत?"

"काही नाही केलं. तेच."

मी म्हणालो, मग रागवायचं कशाला. त्याने मान हलवली आणि माझ्यासाठी अजून एक कॉफी सांगितली. मायलेकी आल्या तेव्हा पिशवी एकच होती आणि बायकोचे डोळे सुजले होते. थंडी बाधली म्हणाली.

शेवटच्या आदल्या दिवशी शहराबाहेर नेलं. आधी रेल्वे, मग डोंगरावरचा एक मठ, पिवळाधमक, एवढा मोठा की खालचं गाव त्याच्या पायाशी बसल्यासारखं. मग नदीकाठाने बस. या भागासाठी मी आलो असं म्हटलं तरी चालेल, कारण माझा जीव शेतीत. दोन्ही बाजूंना डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे, दगडी बांध घातलेले, आणि त्यावर द्राक्षांच्या रांगा. पण माल कधीच उतरला होता. पानं गळून नुसते खुंट आणि तारा उरल्या होत्या. खालच्या अंगाला जर्दाळूच्या बागा, त्याही उघड्या. शेतात माणूस नाही, बैल नाही, कुत्रंसुद्धा नाही. धुराडी तेवढी चालू. नदीवरच्या नावा हंगाम संपला म्हणून काठाला बांधून ठेवलेल्या.

एका गावात उतरलो. निळा मनोरा असलेलं चर्च आहे तिथे. बायकोचे गुडघे चढावर भरून आले म्हणून ती चर्चच्या ओट्यावर बसली, जावई तिच्यापाशी थांबला. मुलगी आणि मी उतरून पाण्यापर्यंत गेलो. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात आणि गंगाखेडला उन्हाळ्यात तिच्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त. ही नदी काठोकाठ होती, पण तिला रंग नव्हता. बाकावर बसलो. मी विचारलं, ही द्राक्षं कधी छाटतात? ती म्हणाली, थंडी सरता सरता. रविवारी कधी कधी येते मी इकडं, तेव्हा दिसतात माणसं. मी विचारलं, दोघं येता? ती म्हणाली, त्यांना काम असतं.

मग ती म्हणाली, "अप्पा, मी तिकडं परत आले तर?"

"सुट्टीला?"

"न्हाई. कायमची."

"का? जावयाची नोकरी गेली का?"

"त्यांची नोकरी चांगली चाललीय."

"मग?"

"असंच. वाटतं माणसाला."

मला वाटलं, पोरीला घराची आठवण यायला लागली. आईबाप समोर आले की येते. अशा वेळी तिला हसवायचं हे मी तिच्या लहानपणापासून करत आलो. मी म्हणालो, "ये की. पण लेकरू काखेला घेऊन ये, मग घर तुझंच हाय. रिकाम्या हातानं आलीस तर मोंढा मला गादीवर बसू द्यायचा न्हाई."

ती हसली. खरंच हसली. शालीचा काठ खांद्यावर ओढून घेत उठली आणि म्हणाली, "चला, आई वाट बघत असंल."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि जावई तिच्या मागच्या सीटवर. शेजारची जागा मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी विमानतळ. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या पाया पडली. जावई पाया पडला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला. आम्ही तपासणीच्या रांगेत गेलो. काचेच्या पलीकडून मी एकदा मागे वळलो, हात हलवायला. ते आमच्याकडे बघत नव्हते. दोघं समोरासमोर उभे होते. जावई काहीतरी बोलला, मुलीने मान हलवली. मग त्यांनी हात मिळवले. मोंढ्यात दोन व्यापारी काम उरकल्यावर मिळवतात तसे. आणि ती जिन्याने खाली रेल्वेकडे गेली, तो बाहेर बसच्या दाराकडे. दोघांनी मागे वळून पाहिलं नाही.

विमान ढगांच्या वर गेलं आणि आठवड्यात पहिल्यांदा ऊन दिसलं. मी बायकोला विचारलं, काय आहे हे? तिने पट्टा सोडला, पुन्हा लावला. मग सांगितलं. त्यांचं जमत नाही. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. नुसतं जमत नाही. बोलायचे ते विजेच्या बिलाबद्दल आणि किल्ल्यांबद्दल, पुढे तेही थांबलं. गेल्या पावसाळ्यापासून पोरगी नदीच्या पलीकडे एका खोलीत एकटी राहते. घटस्फोटाची कागदपत्रं झाली आहेत. आठवडाभर तो रोज कामावरून सुट्टी काढून आमच्याबरोबर फिरला, तो तिच्या शब्दाखातर.

"खोली पाहिलीस तू?"

"पाहिली. त्या दिवशी खरेदीला न्हाई गेलो आमी. एक खिडकी हाय. एक कढई हाय. तिनं खिचडी केली, मी जेवले तिथं."

"जेवलीस?"

"व्हय, जेवले. पाणी बी प्याले. बाई हाय मी, मला न्हाई जमत तुमच्यासारखं."

मी आवाज चढवला. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. मी म्हणालो, मला का सांगितलं नाही? ती म्हणाली, "तुमी त्याची कॉलर धरली असती. त्या कॉफीच्या दुकानात धरली असती. तिला आठवडाभर बाप पाहिजे व्हता, तमाशा नको व्हता."

धरली असती. का नाही धरायची? आणि नसतीही धरली कदाचित. हे तिला आधीच कसं कळलं, आणि तिला तसं वाटलं एवढ्यावर माझा जाणून घ्यायचा हक्क कसा गेला?

पण खरं पुढे आहे. मी म्हणालो, ठीक आहे, आता तिला घेऊन येऊ, मी उलट्या विमानाने जातो. तेव्हा बायकोने डोळे मिटले. म्हणाली, त्यासाठीच तर नेलं होतं तुमाला. ती ठरवत होती, तिकडेच राहायचं की घरी यायचं. आई, अप्पांना मी एकदा विचारून बघते, असं म्हणाली होती. आणि विचारलं.

"नदीवर तुमी काय बोललात ते तिनं त्याच दिवशी मला सांगितलं. म्हणली, आई, मला उत्तर मिळालं."



गावी आल्यावर मी गंगाखेडला गेलो. व्याह्याची कॉलर धरायला गेलो होतो म्हणा हवं तर. मास्तर ओसरीवर बसले होते. मी बोललो तसं त्यांचं तोंड पांढरं पडलं. त्यांनाही पोराने काही सांगितलं नव्हतं. त्यांच्याही फोनवर दोघं शेजारी बसून बोलायचे. मास्तरांनी बायकोला हाक मारली आणि मग तिला काय सांगायचं ते न सुचून, पाहुण्यांना चहा टाक, एवढंच म्हणाले. आम्ही दोघं म्हातारे चहा निवेपर्यंत बसलो. भांडायला माझ्यासमोर कुणी उरलं नाही. कुणी मारलं असतं, छळलं असतं, तर मला माझं काम माहीत होतं. कुणी काहीच केलं नाही, तिथे माझ्यासारख्या माणसाने हात कुठे घालायचा?

आता ती रविवारी फोन करते. बर्फ पडलं म्हणते, ऑफिसात नवी साहेबीण आली म्हणते. मागे लागून खोली दाखव म्हणालो तर फोन फिरवून खिडकी दाखवली, बाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. मी दोनदा बोलायला गेलो, बाई, ते नदीवर मी जे बोललो ते... तिने पुरं होऊ दिलं नाही. राहू द्या अप्पा, मी विसरले, म्हणाली. विसरली असती तर कशाबद्दल बोलतोय हे तिला लगेच कळलं नसतं. ये म्हणालो, तर म्हणते, बघते. आमच्या मोंढ्यात ज्याला सौदा करायचा नसतो तो बघतो म्हणतो.

माझं म्हणणं साधं आहे. मी आयुष्यभर बाजारात उभा राहिलो. बैलाची खोड लपवून जोडी विकली आणि दुसऱ्या दिवशी खोड निघाली, तर पंच बसतात आणि जोडी परत जाते. घेणाऱ्याने हात मिळवला होता असं म्हणून कुणी त्याला बांधून ठेवत नाही, कारण त्याला दाखवलं ते वेगळंच होतं. मला संसारी लेक दाखवली आणि एकट्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून काढून घेतलं. मी जावयाच्या शेजारी नांदणाऱ्या पोरीशी थट्टा केली. त्या खोलीत एका कढईवर राहणाऱ्या पोरीने मला विचारलंच नव्हतं. तिने विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते आज कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. ते बोलायची माझी वेळ होती, मी त्या गावात होतो, तिच्या घरापासून एका ट्रामच्या अंतरावर होतो, आणि मला मेलेल्या राजांच्या पेट्या दाखवत फिरवलं.

मुलीला मी विचारणार नाही. तिचं तिच्याजवळ पुष्कळ आहे. जावई परका झाला. उरली ती एक, जी हे सगळं जाणून माझ्या शेजारी बसून पाळण्यात वर गेली आणि खाली आली, जिने चर्चच्या ओट्यावर बसून मला त्या बाकाकडे जाऊ दिलं, एक शब्द कानात न घालता. मी हे लिहितोय तेव्हा ती आत भाजी निवडत बसली आहे आणि विषय काढला की उठून जाते.

आज उठायचं नाही. मला आंधळं करून तिथे कुणी बसवलं आणि माझ्या तोंडून निघालेली थट्टा माझा निकाल म्हणून पोरीच्या पदरात कुणी पडू दिली? त्याच दिवशी तुला कळलं होतं. विमानतळावर तुम्ही दोघी गळ्यात गळा घालून उभ्या होतात तेव्हा तुला कळलेलं होतं. तेव्हा, मी दोन पावलांवर उभा असताना, मला वळवून, अहो, तिला ये म्हणा, एवढं तू का म्हणाली नाहीस? भाजी बाजूला ठेव, समोर येऊन बस, आणि मला याचा जाब दे.